जगदेवप्पांचं पाचवं चाक

जगदेवप्पांचं म्हणणं एकच होतं. स्टेपनी न्यायची तर पुरती न्यायची. गाडीखाली जेवढं चाक, तेवढंच गाडीवर. बोटभर कमी नाही.

आळंदच्या सगळ्या बाजारपेठेत या म्हणण्याला एकाही माणसाचा पाठिंबा नव्हता. पण पाठिंबा नसला की आपलं बरोबर आहे याची जगदेवप्पांना जास्तच खात्री पटायची. तीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेला माणूस. गिऱ्हाईक "हा रंग जाईल" म्हणालं की त्याच रंगाचं धोतर स्वतः नेसून दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसणारा. अशा माणसाला चाकाबद्दल सल्ला देणं म्हणजे काय, याचा लोकांनी आधी विचार करायला हवा होता.

गाडी म्हणजे लष्करानं मोडीत काढलेला ट्रक. पोलीस ॲक्शन झाली, फौजा आल्या, फौजा गेल्या, आणि जाताना बऱ्याच वस्तू लिलावात सोडून गेल्या. कुणी घोंगड्या घेतल्या, कुणी तंबू घेतले. गल्लीतल्या एका वकिलानं दुर्बीण घेतली आणि पुढं वर्षभर त्याच्या शेजाऱ्यांनी गच्चीवर कपडे वाळत घातले नाहीत. जगदेवप्पांनी ट्रक घेतला. केवढ्याला घेतला हे त्यांनी बायकोला, म्हणजे गौरम्मांना, सांगितलं नाही. त्यामुळं आपणही विचारू नये.

ट्रक मात्र खरा होता. चारी चाकांना जोर असलेला. काळ्या रानात, ओढ्यात, जिथं बैल मान टाकतात तिथं हा गुरगुरत वर निघायचा. त्याच्या पाठीवर जगदेवप्पांनी सुताराकडून एक लाकडी खोली बांधून घेतली. आत निजायला दोन फळ्या, मृदंगाला खुंटी, टाळांना पेटी, लिंगपूजेला कोनाडा, चुलीचं सामान ठेवायला कप्पा, उजेडाला खिडकी. लोक तिला "चाकावरचा मठ" म्हणू लागले. थट्टेनंच म्हणत होते, पण जगदेवप्पांनी ते कौतुक म्हणून जमा करून घेतलं.

आणि हे सगळं कामून? तर चनमल्लप्पाबुवांसाठी.

बुवांचं कीर्तन ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून काय कळणार? तरी सांगतो. बुवा मराठीत सुरू करायचे. नमन, निरूपण, दृष्टांत, सगळं मराठीत. मग मध्येच कुठंतरी गळा भरून आला की कानडीत शिरायचे, आणि शिरलेत हे त्यांनाही कळायचं नाही. समोर बसलेले आयाबाया, शेतकरी, दुकानदार, आपण कुठल्या भाषेत रडतोय हे कुणीच बघायचं नाही. अशी कीर्तनं खजुरीपासून निंबर्ग्यापर्यंत त्यांनी चाळीस वर्षं केली. सत्तरीला आले आणि गुडघ्यांनी दगा दिला. मागच्या वर्षी निंबर्ग्याच्या शिवनाम सप्ताहाला बैलगाडीनं निघाले, ते दिवेलागणीऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. त्यांना धान्याच्या कणगीसारखं चौघांनी उतरवलं. उभं राहता येईना. बुवा भिंतीला टेकून बसले, "नाव घ्या रे सगळे" म्हणाले, आणि लहान लेकरासारखे रडले.

परत आल्यावर जगदेवप्पांना म्हणाले, "जगदेवा, आता एकच बार बघायचं. फुडच्या साली निंबर्ग्याला येळेवर पोचलो आणि उभं ऱ्हायला आलं, तर ठीक. न्हाई तर चिपळ्या देवळात ठिवून देतो."

जगदेवप्पांनी तीन दिवस दुकानाची हिशेबवही उघडली नाही. चौथ्या दिवशी लिलावाला गेले.

इकडं निंबर्ग्याच्या लोकांनीही निरोप धाडला होता. दिवा लागला की समाप्तीचं कीर्तन उभं राहणार; बुवा आले तर बुवांचं, नाहीतर दुसरे एक बुवा हाताशी ठेवलेत, त्यांचं. हे दुसरे बुवा तरुण होते, त्यांच्याकडे स्वतःची पेटी होती आणि त्यांचे केस कुरळे होते. जगदेवप्पांना पेटीचं काही वाटलं नाही. केसांचं फार वाटलं.

तर आता स्टेपनी.

ट्रकचं चाक जगदेवप्पांच्या कमरेला लागायचं आणि वजनाला दोन मण भरायचं. ते कुठं ठेवायचं, हा प्रश्न आल्याबरोबर समोरच्या किराणा दुकानातून रामकिशन उतरून आले. रामकिशन हे जगदेवप्पांचे बालमित्र. जगात कुणाचंही काही अडलं की यांचं दुकान बंद व्हायचं.

"जगदेवप्पा, यडे का खुळे तुमी? येवढं धूड कशाला न्यायलाव? मोटारीचं एक बारकं चाक घ्या. तेवढ्यापुरतं लावायचं, गावाला पोचायचं, काढून ठिवायचं."

"बारकं?"

"व्हय की. हलकं पडतंय."

जगदेवप्पांनी गजकाठी खाली ठेवली. "रामकिशन, मृदंग फुटला तर कीर्तनात डबा वाजवायचा का? तेवढ्यापुरता?"

"मृदंगाचं येगळं."

"चाकाचं बी येगळंच हाय. काळ्या रानात तीन पाय मोठं आणि एक बारकं, आसलं जनावर चालल्यालं बगितलाव का कधी?"

रामकिशननी तसं जनावर बघितलं नव्हतं. पण त्यांनी हार मानली नाही. ते दुकानाच्या पायरीवर बसून राहिले आणि पुढचे दोन महिने तिथंच बसून होते म्हटलं तरी चालेल.

पहिल्यांदा चाक मागच्या दारावर लावलं. खोलीला दार एकच, ते मागं. सुतारानं लोखंडी कडी ठोकली, दोन मणाचं चाक दारावर चढलं, आणि गाडी मागून एखाद्या पैलवानासारखी दिसू लागली. चाचणी म्हणून बाजारातून एक चक्कर मारायची ठरली. आत गौरम्मा बसल्या, कारण भाताचं पातेलं वाटेत हिंदकळतं का हे बघायचं होतं. चक्कर छान झाली. गाडी दुकानासमोर थांबली. दार मात्र उघडेना. वजनानं बिजागरी खाली बसली होती आणि दार चौकटीत रुतलं होतं.

"अवो," आतून गौरम्मांचा आवाज आला.

"जरा थांब. धक्का द्यायलोय."

"भात सांडलाय."

"किती?"

"माझ्या अंगावर येवढा. ऱ्हायलेला पातेल्यात हाय."

बाजाराचा दिवस होता. अर्ध्या घटकेत दीडशे माणसं जमली. खिडकीतून फक्त गौरम्मांचं डोकं दिसत होतं, आणि त्या डोक्यानं त्यांनी सगळ्या बाजाराला, ओळखीच्या बायकांना नाव घेऊन, आपल्या नवऱ्याचा तीस वर्षांचा इतिहास ऐकवला. त्यात लग्नातली एक गोष्ट होती, जी जगदेवप्पा स्वतः विसरले होते. शेवटी ड्रायव्हर अंकुशरावांनी बिजागरीच उखडली. हे अंकुशराव लष्करात ट्रक हाकून आलेले, कमी बोलणारे. दार चाकासकट धाडकन रस्त्यावर पडलं आणि गौरम्मा अंगावरची शितं झटकत, कुणाकडंही न बघता, घरात गेल्या. त्या दिवशी जगदेवप्पा रामकिशनकडं जेवले.

"बारकं चाक—" रामकिशन म्हणाले.

"वाढा तुमी," जगदेवप्पा म्हणाले.

मग चाक पोटाखाली बांधलं. अंकुशराव म्हणाले, "अप्पा, खाली जागा कमी हाय." जगदेवप्पा म्हणाले, "करून बगू." परतीच्या पावसानं रान मऊ झालं होतं. खजुरीच्या वाटेला लागले आणि गाडीवाट सोडून निंगप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या रानातून आडवे निघाले. मूग काढून रान मोकळं पडलं होतं, त्यामुळं पिकाचं भय नव्हतं. ट्रक हत्तीसारखा चालला. पार बांधापर्यंत गेल्यावर मागं बघतात तर काय, पोटाखालच्या चाकानं रानातून एक लांबलचक, हातभर रुंद, नांगरानं काढावा तसा सुरेख तास ओढला होता. आणि त्या तासातून हातात काठी घेऊन निंगप्पा पळत येत होता.

जगदेवप्पांनी खाली उतरून हात जोडले. "निंगप्पा, चुकी झाली बग. आमाला ठाऊक न्हवतं."

निंगप्पा धापा टाकत थांबला. "चुकी कशाची, अप्पा? कुळवाची पाळी बेस पडलीया. माझी बैलं दोन दिसांत येवढं करत न्हाईत." त्यानं काठीनं रानाकडं दाखवलं. "पर येकच पट्टा कामून केलाव? त्या अंगाचं बी करून जावा की."

जगदेवप्पांनी आधी नकार दिला, मग विचार केला, मग तीन पट्टे करून दिले. देवाच्या गाडीनं अडल्यानडल्याचं केलं तर बिघडतं काय? पण चाक सोडवताना त्यात जो चिखल निघाला, तो अंकुशरावांनी खोऱ्यानं काढला आणि खोऱ्याखोऱ्यानं जगदेवप्पांच्या पायाशी रचला. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

गाडीची कागदपत्रं अजून व्हायची होती. त्यासाठी गुलबर्ग्याला मोटारींच्या कचेरीत जावं लागलं. तेव्हा राज्य नवीन होतं आणि अर्ज जुने. अर्ज उर्दूत, वरचा साहेब इंग्रजीत सही करणारा, आणि मधला कारकून दखनीत प्रश्न विचारणारा. जगदेवप्पा कानडी आणि मराठीत घाम पुसत होते.

कारकुनानं गाडीभोवती एक फेरी मारली. "ये क्या है जी? लॉरी को खिडकी?"

"कीर्तनाची गाडी हाय, साहेब."

"माल है के सवारी?"

इथं जगदेवप्पांचं तत्त्वज्ञान जागं झालं. बुवांना माल म्हणणं शक्य नव्हतं. सवारी म्हणावं तर भाडं घेत असणार असं गृहीत. "घर" लिहायचं म्हटलं तर कारकून म्हणाला, घराची नोंद म्युनिसिपालटीत होते, इथं नव्हे. शेवटी "खाजगी, इतर" असं काहीतरी लिहिलं गेलं आणि मापं सुरू झाली. या खेपेला चाक पुन्हा मागंच, पण दार सोडून बाजूच्या फळीवर टांगलं होतं. कारकुनानं फीत लावली आणि जीभ टाळूला लावून च्यक् केलं. कागदावर होती त्यापेक्षा गाडी वीतभर लांब भरत होती.

"चाक की वजह से. निकालो."

काढलं. अंकुशराव आणि जगदेवप्पांनी घाम गाळून काढलं, भिंतीला टेकवून ठेवलं. कारकुनानं पुन्हा माप घेतलं. बरोबर भरलं. मग त्यानं यादी वाचली: भोंगा, दिवे, ब्रेक. "स्टेपनी?"

"ती काय, भिताडाला."

"गाडी पे होना. स्टेपनी के बगैर पास नई होता."

"लावली तर लांबी वाढतीया."

"हौ. लंबाई बढ़ी तो बी पास नई."

जगदेवप्पांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं जगदेवप्पांकडं बघितलं. दोघांनाही परिस्थिती कळली होती. फक्त एकालाच तिचा त्रास होत होता. दुसरा कुणी असता तर त्या क्षणी बारकं चाक विकत आणून मोकळा झाला असता. जगदेवप्पांनी धोतराचा काचा मारला, भिंतीजवळ गेले, दोन मणाचं चाक उभं केलं, गडगडत गाडीपाशी आणलं आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळून उभे राहिले.

"ल्हिवा," ते म्हणाले. "गाडीसंगं हाय. गाडीवर न्हाई."

दुपारचं ऊन होतं. साहेब जेवायला गेले होते. जगदेवप्पा दीड तास त्या चाकाला मिठी मारून उभे राहिले. येणारेजाणारे विचारत, कारकून समजावून सांगे, आणि प्रत्येक वेळी सांगताना त्याच्या आवाजात थोडा आदर वाढत गेला. साहेब आले. त्यांनी बघितलं. टाक उचलला आणि सही केली. त्या कागदावर आजही स्टेपनीच्या रकान्यात उर्दूत लिहिलेलं आहे: "मालिक के हाथ में."

आता उरली एकच जागा, खोलीच्या आत. मधोमध चाक आडवं ठेवलं, वर एक फळी टाकली. बुवांना दाखवायला दुकानापाशी आणलं. बुवा फळीवर बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो जगदेवप्पांनी वर्षभरात बघितला नव्हता. बैठकीची उंची अशी अचूक की गुडघा ना दुमडत होता ना ताणत होता.

"जगदेवा, हे काय केलास रं? दुखायचं थांबलं की."

जगदेवप्पांनी रामकिशनच्या दुकानाकडं नुसतं बघितलं. काही विजय असे न बोलताच साजरे करायचे असतात. रामकिशन आत जाऊन गूळ तोलू लागले.

पण इथंच खरी चूक झाली, आणि ती कुणाच्या वाईट मनानं झाली नाही. गौरम्मांनी दुकानातल्या केशरी कापडाची खोळ शिवून त्या चाकाला घातली. चारी बाजूंनी झालर लावली. सप्ताहाला निघायच्या सकाळी लिंगपूजा झाल्यावर त्यांनी बुवांच्या बैठकीला विभूतीची तीन बोटं ओढली, फूल वाहिलं आणि नमस्कार केला. बुवांचे पुढारी टाळकरी तिप्पण्णा तिथंच उभे होते. त्यांनीही नमस्कार केला. त्यांच्या मागच्या चौघा टाळकऱ्यांनी केला. त्या घटकेला चाकाचं चाकपण संपलं, आणि हे जगदेवप्पांच्या ध्यानात आलं नाही, कारण ते पुढं बसून अंकुशरावांना भोंगा वाजवायला सांगत होते.

सकाळी निघाले, पण गावोगाव बुवांच्या दर्शनाला गाडी थांबत गेली आणि दुपार टळली. वाटेत दोन ओढे लागले, ट्रकनं ते पार केले. तिसऱ्यात पाण्याखाली एक धारदार दगड होता. गाडी काठावर चढली आणि मोठा फटाका फुटावा तसा आवाज झाला. उजव्या बाजूचं मागचं चाक बसलं. टायरला बगलेत अशी चीर गेली होती की जगदेवप्पांचा पंजा आरपार गेला.

निंबर्गा दोन कोस राहिलं होतं. सूर्य अजून दोन कासरे वर होता.

"काय काळजी न्हाई," जगदेवप्पा गाडीमागं येत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दोन महिन्यांचे सगळे अपमान गोड होऊन आले होते. "पुरतं चाक हाय आपल्यापाशी! तिप्पण्णा, काढा भाईर."

तिप्पण्णा हलले नाहीत. दारात उभे राहिले. त्यांच्या मागं चौघे.

"काय काढू?"

"चाक."

"अप्पा, ते चाक न्हाई."

"मग काय हाय?"

"गादी हाय. बुवांची."

जगदेवप्पांना वाटलं, थट्टा करतायत. पण तिप्पण्णा पासष्ट वर्षांचे, गळ्यात लिंग, कपाळ भरून विभूती. त्यांनी जन्मात थट्टा केलेली नव्हती.

"अवो, गादी वर हाय. खाली चाक हाय! मी सोता इकत घेतलंय. गुलबर्ग्याला मिठी मारून उभा ऱ्हायलोय त्येला!"

"आदी आसंल चाक. आता बुवा बसल्यात, विभूती लागलीया. ते चिखलात घालून वर गाडी चढवायची? आमच्या हातनं न्हाई व्हायचं."

"तुमच्या हातनं नगं. सरका, मी काढतो."

"आमच्या डोळ्यांम्होरं बी न्हाई."

जगदेवप्पांनी बायकोकडं बघितलं. गौरम्मांनी पदर सावरला. "आता मीच विभूती लावली. मीच कसं म्हणू, काढा म्हणून?"

आतून बुवांचा आवाज आला. "तिप्पण्णा, ते काढ. मी सांगायलोय."

तिप्पण्णांनी वळून हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बुवा, तुमी तसंच म्हणणार. तुमी मोठं मानूस. पर तुमी म्हणालाव म्हणून आमी गादी चिखलात घातली, तर आमचं काय ऱ्हातंय?"

"आरं, गुरूचं ऐकत न्हाईस," जगदेवप्पा ओरडले, "आणि गादीचं ऐकायलास? गादी काय बोलली तुला?"

"ती बोलत न्हाई," आतून बुवा म्हणाले, "म्हणून तर तिचं ऐकायला सोपं जातंय."

जगदेवप्पांनी सगळे उपाय केले. शास्त्र काढलं. विनवणी केली. कापड माझ्या दुकानातलं आहे, हे सांगितलं; ते सांगितल्याबद्दल लगेच त्यांचीच त्यांना लाज वाटली. शेवटी म्हणाले, "तिप्पण्णा, आज बुवा पोचले न्हाईत तर चिपळ्या देवळात जात्यात. तुमी गादी राखाल. बसणारा घरी बसंल. चालंल?"

तिप्पण्णांचा चेहरा पडला. पण पाय हलले नाहीत. माणसाचं मन पटलं तरी पाय पटत नाहीत असं कधी कधी होतं. सूर्य कासराभर खाली आला.

मग आतून खुडबुड झाली. "मला उतरवा," बुवा म्हणाले.

अंकुशरावांनी आणि जगदेवप्पांनी त्यांना खांदा देऊन खाली घेतलं. बुवा गाडीच्या फळीला धरून काळ्या मातीत उभे राहिले, दम घेतला, आणि हात पुढं केला.

"चिपळ्या."

"बुवा, हितं?" जगदेवप्पांनी विचारलं.

"देवाला हितलं ठाऊक न्हाई व्हय?"

चिपळ्या वाजल्या. बुवांनी नामाचा गजर धरला. आणि तिप्पण्णांचे हात, त्यांना न विचारता, टाळांकडं गेले. टाळकऱ्यांची एक रीत आहे. गजर उभा राहिला की टाळकरी मागं रांग धरतो. मग गजर संपेपर्यंत टाळ खाली ठेवायचा नाही, बोलायचं नाही, जागा सोडायची नाही. तिप्पण्णांनी हीच रीत चाळीस वर्षं गावोगाव शिकवली होती. पाचही जण दारातून उतरले, बुवांच्या मागं उभे राहिले. त्यातल्या एकानं उतरताना मृदंग गळ्यात घातला होता; त्यावर थाप पडली.

बुवांनी जगदेवप्पांकडं बघून एक डोळा किंचित बारीक केला.

जगदेवप्पांनी रुमाल काढला, कोट काढला, आणि खोलीत उडी मारली. केशरी खोळ सोडवून, घडी घालून, बायकोच्या हातात दिली. चाक दारातून खाली सोडलं. तिप्पण्णांचे डोळे एवढे मोठे झाले, पण तोंडात नाम होतं. चाक चिखलात पडलं. त्यांचा टाळ एकदा चुकला, आणि चुकल्याचं कळून ते जास्तच जोरात वाजवू लागले. अंकुशरावांनी जॅक लावला. तो मऊ मातीत खाली जाऊ लागला तेव्हा निजायची एक फळी त्याच्याखाली दिली. गाडी वर उचलली जाऊ लागली तसा बुवांनी धरलेला आधार हातातून सुटला. त्यांनी दुसरा शोधला नाही. हे फक्त गौरम्मांनी बघितलं, आणि त्या केशरी खोळीत तोंड लपवून रडल्या.

फुटलेलं चाक निघालं. पुरतं चाक आखावर चढलं. नट फिरू लागले, आणि कसे कोण जाणे, टाळाच्या ठेक्यावर फिरू लागले. जगदेवप्पा पान्ह्यावर लोंबकळत होते. धोतर गुडघ्यापर्यंत काळं, दाढीत ग्रीस, तोंडानं नाम. बुवा गजर आवरता घेणार इतक्यात अंकुशरावांनी एक बोट वर केलं. एक नट राहिला होता. बुवांनी आणखी एक आवर्तन घेतलं.

गजर थांबला. तिप्पण्णा टाळ गळ्यात टाकून चाकापाशी आले.

"अप्पा, हे बरं न्हाई केलं."

"न्हाई केलं तर न्हाई केलं," जगदेवप्पा म्हणाले. "बसा गाडीत. पाप माझ्या नावावर, चाक बी माझ्या नावावर. कागद हाय माझ्यापाशी."

पुढचे दोन कोस अंकुशरावांनी ट्रक असा हाकला की रामकिशननी बघितलं असतं तर त्यांच्या दुकानातल्या बरण्या आपोआप पडल्या असत्या. बुवा खालच्या फळीवर बसले होते. गुडघे दुखत होते का, असं गौरम्मांनी विचारलं. बुवा म्हणाले, "दुखायलेत. दुखू दे." आणि पुन्हा गुणगुणू लागले.

निंबर्ग्याच्या देवळासमोर मांडव भरला होता. गावचा पाटील समईपाशी काडी घेऊन उभा होता. कुरळ्या केसांचे बुवा उपरणं कमरेला बांधत होते. तेवढ्यात लष्करी भोंगा असा वाजला की मांडवातली निम्मी माणसं, जुन्या सवयीनं, उठून उभी राहिली. गाडी थांबली. तिप्पण्णांनी आधी उडी मारली आणि पितळी तांब्यातलं पाणी घेऊन चाकापाशी गेले, गादी चिखलात घातल्याची क्षमा मागायला. पण चारही चाकं सारखीच चिखलानं माखली होती. घाईत आणि रडण्यात कुठलं ते त्यांना उमगेना. त्यांनी चारही चाकांवर पाणी शिंपडलं आणि चारही चाकांना वाकून नमस्कार केला. निंबर्ग्याच्या लोकांना वाटलं आळंदकडची ही पद्धतच असेल; त्यातल्या काहींनीही केला.

बुवा उतरले. लोकांनी खुर्ची आणली. "नगं," बुवा म्हणाले. "उभा ऱ्हातो." कुरळ्या केसांच्या बुवांनी पुढं येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, आपली पेटी बाजूला सारली आणि टाळ घेऊन तिप्पण्णांच्या शेजारी, रांगेच्या शेवटी उभे राहिले. जगदेवप्पांनी त्यांना केसांबद्दल मनातल्या मनात माफ केलं.

मग ते मांडवात शिरले. पुढं जाजम टाकलेलं होतं, त्यावर प्रतिष्ठित मंडळी बसायची होती. जगदेवप्पांच्या दंडावर ग्रीस होतं, रुमाल कुठंतरी राहिला होता, धोतर एका बाजूला काळं आणि दुसऱ्या बाजूला त्याहून काळं होतं. छातीला बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्यानं त्यांना अडवलं.

"ओ डायवर, तिकडं मागं बसा. हितं पाव्हणे बसणार हाईत."

"मी डायवर न्हाई."

"मग कोण तुमी?"

जगदेवप्पांनी तोंड उघडलं. सांगायला पुष्कळ होतं. दुकान होतं, पेठेतली पत होती, ट्रक होता, सरकारी कागद होता. समोर समईची पहिली वात पेटली आणि तिच्या उजेडात बुवा, कशालाही न धरता, दोन्ही पायांवर उभे होते.

"मी ऐकायला आलोय," जगदेवप्पा म्हणाले. "आणि हितंच बसणार."

आणि ते बसले. मांडी घालून, चिखलासकट, पांढऱ्या जाजमावर, बुवांच्या अगदी समोर.